साखळीने मोजलेला प्रवास : कुडलपासून कदिरीच्या वडापर्यंत

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अप्पांना घेऊन विजापूर, हुबळी, श्रवणबेळगोळ आणि आंध्रातलं कदिरी असा मोठा फेरा करून आले. गाडी मी चालवली, ठिकाणं अप्पांनी निवडली. अप्पा म्हणजे माझे वडील, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. उभी नोकरी नगर जिल्ह्यात शेतांच्या मोजण्या करण्यात गेली. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. डाव्या बाजूला लिहिलंय 'सर्वांत मोठे' आणि उजव्या बाजूला 'काय मोजले, कोणी मोजले'. धरणं, घुमट, झाडं, तोफा, मूर्ती, पूल असं सगळं डावीकडे आहे. उजवीकडचे पुष्कळ रकाने अजून भरायचे आहेत. या प्रवासाची आखणी त्या वहीवरून झाली.

एक सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. अप्पा अजूनही साखळीत विचार करतात. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मीटर आणि हेक्टर त्यांना येतात, पण आकडा साखळीत बसवल्याशिवाय त्यांना तो दिसत नाही.

शनिवार : सोलापूर, हत्तरसंग कुडल

पुण्याहून पहाटे निघालो. सोलापूर ओलांडून विजापूर रस्त्याला लागलो तेव्हा उन्हं वर आली होती आणि दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर होती. एका शेताच्या बांधावर हुरड्याचा धूर दिसला. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. शेतकरी आजी आगटीजवळ बसून कणसं चोळत होत्या. आम्ही गिऱ्हाईक की पाहुणे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पळसाच्या पानावर गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ आणि वरून मूठभर रेवड्या. 'गड्ड्यावरच्या हायेत,' म्हणाल्या. सोलापूरची सिद्धेश्वरांची जत्रा अजून चालू होती. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. शेवटी अप्पांनी त्यांच्या नातवाच्या हातात तिळगुळाची पुडी ठेवली, तेव्हा हसल्या.

हत्तरसंग कुडल मुख्य रस्त्यापासून आत आहे, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. इथे जी गोष्ट पहिली आहे ती दिसायला अगदी लहान आहे. संगमेश्वराच्या मंदिरात दगडी तुळईवर कोरलेली मराठी ओळ, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ ची. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. शेवट असा आहे : 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. गुरवांनी मोबाईलचा उजेड तिरका धरला, कारण समोरून उजेड टाकला तर अक्षरं सपाट होतात. मान मागे टाकून एकेक अक्षर लावत गेलो. अप्पांनी ओळ मोठ्यांदा वाचली आणि गुरव म्हणाले, 'झालात विजयी.'

आमच्या शाळेत 'मराठीतला पहिला शिलालेख कोणता?' या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं : श्रवणबेळगोळ. पुढे अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं नाव आलं. अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४, म्हणजे १०१२ चा. त्या आकड्याच्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यामुळे कुडलचा दावा भक्कम मानणारे पुष्कळ आहेत. अप्पांनी वहीत तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली होती. याच प्रवासात त्यांतली दोन डोळ्यांनी पाहायची असं त्यांनी ठरवलं होतं.

बाजूच्या हरिहरेश्वर मंदिरातलं बहुमुखी शिवलिंग चुकवू नका. एकाच दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि मूळ लिंग धरून ३६० मानतात. जवळ जाऊन पाहिलं की प्रत्येक चेहऱ्याची ठेवण वेगळी दिसते. आम्ही तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसलो.

जाणाऱ्यांसाठी : नकाशावर नुसतं 'कुडल संगम' टाकलंत तर बागलकोट जिल्ह्यातलं बसवेश्वरांचं कुडलसंगम लागेल. ते वेगळं आणि बरंच लांब. 'हत्तरसंग' हे नाव टाका. सोबत छोटी विजेरी ठेवा. खायचं काही तिथे मिळेल असं धरून चालू नका.

रविवार : विजापूर

गोल घुमट सकाळी उघडतो तेव्हाच आत शिरलं पाहिजे. तासाभरात सहली येतात आणि मग वरच्या सज्जात फक्त आरोळ्या ऐकू येतात. आम्ही दारात पहिल्यांपैकी होतो. हवेत गारवा होता, हिरवळीवर दव होतं, आणि धुक्यातून आधी चार कोपऱ्यांचे सात मजली मनोरे दिसले, मग मधला घुमट.

ही महंमद आदिलशहाची कबर. तो १६५६ मध्ये वारला आणि तोवर काम आटपत आणलं होतं. बांधणाऱ्याचं नाव याकूत दाबुली असं सांगतात, म्हणजे आपल्या दाभोळचा माणूस. हे ऐकल्यावर अप्पा नव्याने वर पाहायला लागले.

आत एकही खांब नाही. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात आतल्या दालनाचं माप १३५ फूट लांब आणि १३५ फूट रुंद असं दिलं आहे, म्हणजे १८,२२५ चौरस फूट. रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन देवळाचं आतलं क्षेत्र त्यांनी १५,८३३ चौरस फूट दिलं. अप्पांनी उभ्या उभ्या हिशेब केला : हे सोळा गुंठे पावणेबारा आणे, ते साडेचौदा गुंठे. मग त्यांनी दालन भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलांनी मोजलं. पाऊल अजून बरोबर अडीच फुटांचं पडतं. मी कबरींच्या चौथऱ्याजवळ उभी राहून त्यांच्याकडे पाहत होते. सोळा गुंठे जमीन एकाच छपराखाली, मध्ये काही टेकू नाही, आणि एक म्हातारा माणूस त्यातून सरळ रेषेत चालतोय. त्या क्षणी मला घुमटाचा आकार कळला.

गाइड सांगतात, 'जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट.' मी हे लहानपणापासून ऐकलंय आणि त्यावर खूप शोधाशोध केली आहे. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर, आतून सुमारे ३८ मीटर. पॅन्थिऑन आतून ४३.३ मीटर आहे, रोमचं सेंट पीटर ४२ मीटरच्या आसपास, आणि फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा अष्टकोनी घुमट त्याहून थोडा मोठा. आतून आतून ताडून पाहिलं तर विजापूरचा क्रम खाली जातो. घुमटाखाली खांबाशिवाय किती जमीन झाकली हे पाहिलं तर पॅन्थिऑनच्या वर जातो. आजचे पोलादी क्रीडागृहांचे घुमट या दोन्हींच्या कितीतरी पुढे आहेत. मला वाटतं, पाटीवर नुसता क्रमांक न लिहिता माप कशाचं ते लिहायला हवं. त्याने गोल घुमटाचा मान जराही कमी होत नाही.

उलट त्याचं खरं मोठेपण व्यासात नसून तो उभा कसा आहे यात आहे. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरावे लागतात. इथे भिंतींतून उठलेल्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यावर होते तशी आठ टोकांची चांदणी तयार होते. त्या कमानींच्या पाकळ्या आतल्या बाजूला झुकलेल्या आहेत. घुमट भिंतींना बाहेर ढकलतो, पाकळ्यांचं वजन आत ओढतं आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. खाली पाठीवर झोपून पाहिलं तर ती चांदणी स्वच्छ दिसते. आम्ही दोघेही झोपलो. पहारेकऱ्याने काही म्हटलं नाही, उलट नीट कुठून दिसतं ती जागा दाखवली.

वर जाणारा जिना मनोऱ्यातून आहे, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. अप्पांनी प्रत्येक मजल्यावर खिडकीत बसून दम घेतला. सज्जात पोचलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त एक मास्तर आणि त्यांचे पाचसहा विद्यार्थी होते, जत तालुक्यातले. त्या मास्तरांनी पोरांना आधी दहा मिनिटं गप्प बसवलं. मग एका मुलाला पलीकडे पाठवून भिंतीजवळ कागद फाडायला सांगितला. तो आवाज आमच्या कानाशी झाला. मग टाळी. एका टाळीच्या सात-आठ टाळ्या मोजल्या, त्यापुढच्या विरत गेल्या. अप्पा पलीकडे जाऊन भिंतीला तोंड लावून बसले आणि मला अगदी शेजारून बोलल्यासारखं ऐकू आलं, 'चार साखळ्या, दीड आणा.' खालच्या दालनाची बाजू सांगत होते.

दुपारी मलिक-ए-मैदान. नगरच्या माणसाने तर ही तोफ पाहायलाच हवी, कारण ती नगरला ओतली गेली, १५४९ मध्ये, निजामशाहीत. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच आहे, महंमद बिन हसन रूमी. ती नगरहून परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरारपंतांनी परांड्याहून विजापूरला आणली. आज शेर्झा बुरुजावर आहे. लांबी सुमारे १४ फूट, वजन सुमारे ५५ टन. तोंडाच्या जागी सिंहाचा जबडा आणि जबड्यात सापडलेला हत्ती. औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर आपला लेखही तिच्यावर कोरवला. १८५४ मध्ये हिचा मोडीच्या भावात लिलाव झाला होता, दीडशे रुपये बोली आली आणि विक्री वेळेवर रद्द झाली, असं नोंदलेलं आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती वापरली गेल्याची परंपरा आहे.

'जगातली सर्वांत मोठी तोफ' ही पदवी मॉस्कोच्या झार तोफेला मिळते. ती १५८६ ची, तोंडाचा व्यास ८९० मिलिमीटर. मलिक-ए-मैदानचं तोंड त्याहून लहान आहे, पण झार तोफ ३९ टनांच्या आसपास भरते. म्हणजे वजनात आपली भारी आणि तोंडाने त्यांची मोठी. जयपूरच्या जयगडावरची जयबाण चाकांवरच्या तोफांत पहिली. अप्पांच्या वहीत तोफांसाठी आता तीन ओळी झाल्या : तोंड, वजन, चाकं.

जेवायला स्टँडजवळच्या एका खानावळीत गेलो. कडक भाकरी, भरली वांगी, मोडाच्या मटकीची उसळ, शेंगाचटणी आणि दही. वाढणारे काका सोलापुरी वळणाचं मराठी बोलत होते आणि आम्ही नको म्हणेपर्यंत वाढत राहिले. इब्राहिम रोझा संध्याकाळच्या उन्हात पाहिला. त्याला कसलाही पहिला-दुसरा क्रमांक नाही, पण कोरीवकाम पाहायचं असेल तर विजापुरात तोच पाहा.

जाणाऱ्यांसाठी : गोल घुमटापुढच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. गुडघे दुखत असतील तर सज्जाचा नाद सोडा, खाली झोपून पाहणंही पुरेसं आहे.

सोमवार : हुबळी

आलमट्टीचं पाणी डावीउजवीकडे ठेवत बागलकोटवरून हुबळीला आलो. रस्ता चांगला, प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून श्री सिद्धारूढ स्वामीजी हुबळी स्थानकात शिरलो. इथला फलाट जगातला सर्वांत लांब, १,५०७ मीटर. उद्घाटन १२ मार्च २०२३ ला झालं. हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्यांनी पाठ केला आहे. अप्पांच्या शाळेत उत्तर होतं सोनपूर. माझ्या वेळी खरगपूर, १,०७२.५ मीटर. माझ्या मुलीने स्कॉलरशिपसाठी लिहिलं गोरखपूर, १,३६६.३३ मीटर. आता हुबळी. चारही स्थानकं भारतातली.

अप्पांनी सकाळीच हिशेब करून ठेवला होता : १,५०७ मीटर म्हणजे जवळजवळ दीडशे साखळ्या. 'दीडशे साखळ्यांची शीव असली की आम्ही दुपारची न्याहारी बांधून न्यायचो,' म्हणाले. आम्ही एका टोकाकडून निघालो. सुरुवातीला चहावाले, पुस्तकांचं दुकान, बाकांवर पसरलेली कुटुंबं. मग माणसं विरळ होत गेली. छप्पर मागे राहिलं. पुढे नुसता फलाट, दिवे आणि रुळांवरची संध्याकाळ.

मध्येच एक हमालकाका भेटले. मूळचे खानापूरकडचे, त्यामुळे मराठी घरचंच. त्यांनी फलाट इतका लांब का हे सोप्या भाषेत समजावलं. चोवीस डब्यांची गाडी पाचशे-साडेपाचशे मीटरच्या वर जाते. इथे अशा दोन गाड्या एकाच फलाटावर एकामागे एक उभ्या राहतात आणि एक या टोकाने, दुसरी त्या टोकाने निघू शकते. दुहेरी मार्गाचं आणि यार्डाचं काम झालं त्यात फलाट वाढवला. 'पण अण्णा, डबा कुठे लागतो ते आधी विचारून घ्यायचं. चुकीच्या टोकाला गेलं की गाडी जाते,' ते म्हणाले. रोज कितीजणांना तिथून धावत आणतात तेही सांगितलं. लांब फलाटाचा भार शेवटी यांच्या पायांवर पडतो, हे मला कुठल्याही यादीत वाचायला मिळालं नव्हतं. वृद्ध आणि आजारी प्रवाशांसाठी बॅटरीगाडीची व्यवस्था इथे भरपूर असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या टोकाला पाटी आणि उतार. तिथून मागे पाहिलं तर स्थानकाची इमारत ओळखू येत नव्हती. अप्पा त्या टोकावर दोन मिनिटं थांबले, पाटीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'चल, आता परत दीडशे.'

रात्री गिरमीट आणि मिरची भजी. गिरमीट म्हणजे चिंचगुळाच्या कांद्याच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे, वर फुटाण्याचं पीठ. ते कालवल्या कालवल्या खायचं, मऊ पडलं की मजा गेली. धारवाडी पेढे घ्यायचे असतील तर धारवाडात जाऊनच घ्या, वीस किलोमीटर तर आहे.

मंगळवार : दावणगेरे, श्रवणबेळगोळ

दिवस गाडीतच गेला. मध्ये दावणगेरेला बेण्णे डोसा. लोण्यात भाजलेला, आकाराने लहान, कडेला कुरकुरीत आणि मध्ये जाळीदार. सोबत पांढरी चटणी आणि बटाट्याची पातळसर भाजी. पोट भरलं तरी आणखी एक मागवला.

श्रवणबेळगोळच्या अलीकडे कितीतरी किलोमीटरांवरून मूर्तीचे खांदे आणि डोकं टेकडीवर दिसायला लागतं. अप्पांनी बोट दाखवलं आणि गाडी कडेला घ्यायला लावली. नुसतं पाहत बसलो.

मुक्काम यात्रेकरूंच्या निवासात. स्वच्छ, साधं आणि सूर्यास्ताआधी जेवण. उशिरा पोचणार असाल तर वाटेत जेवून या.

बुधवार : विंध्यगिरी

पहाटेच निघालो. सहाशेहून जास्त पायऱ्या एकाच खडकात खोदलेल्या आहेत आणि अनवाणी चढायच्या आहेत. ऊन चढल्यावर दगड तापतो, म्हणून सकाळ गाठायची. मोजे चालतात. डोलीही मिळते. अप्पांनी डोली नको म्हटलं, कठडा धरून सावकाश चढले. कुंभोजहून आलेल्या बायकांचा एक जथा आमच्या पुढेमागे होता. त्या जैनांचा णमोकार मंत्र म्हणत चढत होत्या. एका मावशींनी अप्पांना मध्येच थांबवून खडीसाखर दिली आणि म्हणाल्या, 'भाऊ, घाई नको. देव काही उठून जात नाहीत.'

शेवटच्या दारातून आत गेलं की अंगणात एकदम पाय समोर येतात. मग मान वर, आणखी वर. गोम्मटेश्वर बाहुबली, एकाच पाषाणाचा, उभ्या डोंगरमाथ्यातून कोरून काढलेला, मागे कसलाही आधार नाही. गंग राजाचा मंत्री चावुंडराय याने इ. स. ९८१-९८३ च्या सुमारास तो घडवला. पायांशी वारुळं, त्यातून डोकावणारे साप, मांड्यांवरून दंडांवर चढलेली माधवीची वेल. हजार वर्षं ऊनपावसात उभा असून चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा तसाच आहे.

उंचीची कहाणी मी मुद्दाम सविस्तर सांगते. ब्रिटिश प्रवासी बुकानन याने ती ७० फूट ३ इंच लिहिली. आर्थर वेलस्ली याने ६० फूट ३ इंच. पुढे म्हैसूरचे चीफ कमिशनर बोअरिंग यांनी मापं घ्यायला लावली आणि ५७ फूट आली. १८७१ च्या अभिषेकासाठी परांच्या बांधल्या होत्या, तेव्हा बांधकाम खात्याच्या लोकांनी वर चढून अंग अंग मोजलं : कानाच्या पाळीपर्यंत ५० फूट, तिथून माथ्यापर्यंत साडेसहा, पाऊल ९ फूट, हाताचं मधलं बोट ५ फूट ३ इंच, खांद्यांची रुंदी २६ फूट. ज्याने खालून अंदाज केला त्याची मूर्ती तेरा फूट जास्त उंच झाली, आणि जो वर चढला त्याला खरी सापडली. अप्पांना हा भाग तोंडपाठ आहे. बोटाचं माप घेणाऱ्या त्या नावं न नोंदलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल ते ज्या आदराने बोलतात तो ऐकण्यासारखा आहे. त्यांनीही उंच बांधावर, काटेरी झुडपांत पट्टी धरून आयुष्य काढलंय.

क्रमवारीतही या मूर्तीची जागा बदलली. जैन मूर्तींत सर्वांत उंच आता आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीची ऋषभदेवांची मूर्ती, १०८ फूट, २०१६ ची. कर्नाटकात कारकळची बाहुबली ४२ फुटांची, १४३२ मधली, वेणूरची ३५ फुटांची, १६०४ मधली. पण मांगीतुंगीला यंत्रं होती आणि मूर्ती डोंगराच्या कड्यात आहे. इथे छिन्नी-हातोडीने चहूबाजूंनी मोकळी मूर्ती काढली. दोन्हींची तुलना एकाच रकान्यात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि मग ज्यासाठी अप्पा आले होते ते. मूर्तीच्या पायाशी, नागरी लिपीत : 'श्रीचावुण्डराजें करवियलें', आणि 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी. चावुंडरायाचं नाव जवळच कन्नड आणि तमिळमध्येही आहे. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा मंत्री, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. दोन्ही ओळींचं वळण सारखं असल्यामुळे दोन्ही त्याच्याच वेळी कोरल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर कुडलची ओळ यापेक्षा शंभर वर्षांनी जुनी. कुंभोजच्या मावशी आमच्याजवळ आल्या, 'काय वाचताय?' म्हणाल्या. अप्पांनी वाचून दाखवलं. त्यांनी परत विचारलं, 'मराठी आहे? इथे?' मग त्यांनी सगळ्याजणींना बोलावलं आणि अप्पांना पुन्हा, सावकाश वाचायला लावलं. सगळ्याजणी एका सुरात ते शब्द म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी असतो. मागचा २०१८ चा, म्हणजे पुढचा २०३० ला. गर्दी सोसत असेल तर आत्तापासून मनात ठेवा. शांतपणे अक्षरं वाचायची असतील तर साध्या दिवशी या.

दुपारी मधुगिरीवरून कदिरीकडे. मधुगिरीचा डोंगर 'आशियातला दुसरा मोठा अखंड खडक' म्हणून सांगतात. चहावाल्याला अप्पांनी विचारलं, पहिला कोणता? तो म्हणाला सावनदुर्ग. मोजमाप कोणी केलं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण डोंगर खरोखर रस्त्यावर अंगावर येतो. वाटेत लेपाक्षीचा नंदी पाहिला, २७ फूट लांब आणि १५ फूट उंच, एकाच दगडाचा. गळ्यातल्या घंटांच्या माळेपर्यंत सगळं कोरलेलं. मुक्काम कदिरीत.

गुरुवार : तिम्मम्मा मर्रिमानु

कदिरीपासून रस्ता भुईमुगाच्या वावरांतून आणि उघड्या खडकाळ टेकड्यांतून जातो. जमीन कोरडी. मग लांबून एक हिरवी राई दिसते. ती राई म्हणजे एकच झाड.

तिम्मम्मा मर्रिमानु, म्हणजे तिम्मम्माचा वड. १४३४ मध्ये तिम्मम्मा पतीच्या चितेवर सती गेली आणि चितेच्या एका खांबाला पालवी फुटून हा वड झाला, अशी कथा तिथे सांगतात. १९८९ मध्ये गिनेस बुकात सर्वांत मोठं पर्णछत्र असलेलं झाड म्हणून त्याची नोंद झाली. क्षेत्र १९,१०७ चौरस मीटर. बंगळुरूचे पत्रकार-छायाचित्रकार रिग्रेट अय्यर यांनी हे झाड जगापुढे आणलं आणि नोंदीसाठी पाठपुरावा केला.

अप्पांनी आकडा सांगितला : चार एकर, अठ्ठावीस गुंठे, चौदा आणे. 'एवढ्या जिरायतीवर नगरकडे एक घर चालतं,' म्हणाले. आत शिरलो आणि उजेड हिरवा झाला. बाहेर जानेवारीतही डोळ्यांवर येणारं ऊन, आत गारवा आणि मातीचा ओला वास. मूळ खोड कोणतं ते कळत नाही. हजाराहून जास्त पारंब्या जमिनीत उतरून खोडं झाल्या आहेत. कोवळ्या पारंब्या जमिनीपर्यंत सुखरूप याव्यात म्हणून काहींभोवती बांबू बांधले होते. फांद्यांना खाली दगडी टेकू होते. म्हणजे या विक्रमाची रोज निगा राखावी लागते.

मध्यभागी तिम्मम्माचं छोटं देऊळ. मूल व्हावं म्हणून जोडपी येतात. एक तरुण जोडपं फांदीला चिमुकला पाळणा बांधत होतं. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना. बाईंनी माझ्या हातावर कुंकू आणि केळं ठेवलं, मी तिच्या ओटीत नारळ घातला.

मग वनखात्याचा राखणदार भेटला. तो फक्त तेलुगू बोलत होता. अप्पांनी काठीने मातीत झाडाची वेडीवाकडी कड काढली, मधून एक सरळ रेषा मारली आणि तिच्यावर ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंना लंब टाकले. वेड्यावाकड्या शेताचं क्षेत्र असंच काढतात. राखणदार खाली बसला, नीट पाहिलं आणि त्याने अप्पांच्या हातातली काठी घेऊन पूर्वेकडची कड थोडी बाहेर ओढली. तिकडे झाड वाढलंय, असं त्याने हातांनी दाखवलं. आम्ही त्याच्याबरोबर तिथे गेलो. खरंच, कुंपणाच्या पलीकडे नव्या पालवीच्या फांद्या गेल्या होत्या आणि एक कोवळी पारंबी बांबूच्या आधाराने निम्म्यावर आली होती.

हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड आणि भरूचजवळचा कबीरवड यांची नावं याच यादीत येतात. हावड्याच्या वडाचं मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं आणि तरी झाड पारंब्यांवर पसरतच राहिलं. वडाच्या बाबतीत 'सर्वांत मोठं' हे दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायला हवं.

बाहेर उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाई होत्या. मोठा शेर भरून दिला. राखणदारालाही बोलावलं, आम्ही चौघांनी झाडाच्या कडेला बसून खाल्ल्या.

जाणाऱ्यांसाठी : कदिरीतूनच पाणी आणि जेवण घ्या, झाडापाशी फार काही नाही. नकाशावर 'गूटिबयलू' शोधा. आत पादत्राणं काढावी लागतात ती देवळापाशी. माकडं आहेत, पिशव्या सांभाळा. परतताना अनंतपूरवरून महामार्गाला लागलं की रस्ता सोपा.

परतीच्या वाटेवर अप्पांनी वहीत झाडांचं पान उघडलं. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा वड म्हणून संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या वडाचं नाव तिथे आहे, उजवा रकाना मोकळा. नोकरीत असताना त्यांनी त्या भागातल्या कितीतरी मोजण्या केल्या, पण वड मोजायचं काम कोणी काढलं नाही. माळ्यावर त्यांची जुनी साखळी आहे, कड्या गंजल्या असतील, तेल देऊन ठेवायला सांगितलंय. महाशिवरात्रीनंतर जाणार आहोत. संगमनेरच्या आसपास कोणाला लंब धरायला यायचं असेल तर जरूर या, दोन माणसं कमी पडतात.